शाळेच्या स्मृतिदालनात नावं कुणाची लावायची?

कोरेगावकर (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण आहे, चहा घेऊन बसा.

सातारा जिल्ह्यातलं आमचं हायस्कूल स्वातंत्र्याच्या आधीचं. जिन्याखाली एक मोठी खोली आहे. आमच्या वेळी तिथे लेझीम, डंबेल्स आणि मोडके बाक पडलेले असायचे, आणि शिक्षा म्हणून तिथे झाडायला पाठवायचे. माजी विद्यार्थी संघाने ठरवलं की ही खोली रिकामी करून सैन्यात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचं स्मृतिदालन करायचं. पैसे जमले. ग्रॅनाइटवाल्याने कोटेशनही दिलं, दर अक्षरामागे. (जोडाक्षर एक धरायचं की दोन, यावर अर्धा तास गेला. मी गंमत करत नाहीये.)

गाडी अडलीये ती नावांवर. बैठकीत तीन तट पडले. एक म्हणतो, फक्त लढाईत गेलेल्यांची नावं. दुसरा म्हणतो, जे जे सैन्यात होते त्या सगळ्यांची. आमच्या पंचक्रोशीत दर तिसऱ्या घरात फौजी, म्हणजे खोली पुरायची नाही. तिसऱ्याचं म्हणणं, १९४७ नंतरचेच घ्या, आधीचे 'गोऱ्यांचे नोकर' होते. शिवाय एक चौथा तट आहे, पण तो फक्त देणगीदारांच्या पाटीचा आकार विचारतोय.

माझ्या आठवणीतून मी यादी केली तर अकरा नावं झाली. कुणी शाळेचं, क्लबचं, गावचं असं काम केलंय का? कसं केलंत?

निवृत्त_सुभेदार

जय हिंद. माझं मत सरळ आहे. दगडावर फक्त गेलेल्यांची नावं. मी २४ वर्षं नोकरी केली, पेन्शन खातोय, नातवंडं खेळवतोय. माझं नाव भिंतीवर कशाला? माझ्यासारख्यांची एक वही करा, टेबलावर ठेवा.

पण 'लढाईत गेले' म्हणजे काय ते आधी ठरवा. लोकांना ६२, ६५, ७१, कारगिल एवढंच आठवतं. श्रीलंकेत १९८७ ते ९० मध्ये आपले अकराशेहून जास्त जवान गेले. कोलंबोजवळ तिथल्या सरकारने त्यांचं स्मारक बांधलंय, आपल्याकडे गावात कुणी नाव काढत नाही. सियाचीनवर गोळी न लागता जातात, बर्फाखाली जातात, फुप्फुसात पाणी होऊन जातात. त्यांना वगळू नका. आईला तार एकच येते.

दुसरं, पाटीवर 'शहीद' लिहायचं की नाही यावरही भांडाल, म्हणून आत्ताच सांगतो. सैन्याच्या कागदावर हा शब्द नसतो, तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' असतं.

चावडीवाचक

सुभेदार साहेब, शब्दाचं अगदी बरोबर. आणि आपल्याकडे 'हुतात्मा' म्हटलं की डोळ्यांपुढे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्र येतो. मला विचाराल तर विशेषणच नको. नाव, गाव, पलटण, ठिकाण, साल. बास.

कोरेगावकर, तुमच्या जिल्ह्यातलंच अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं गेली, म्हणून गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागलं. त्या युद्धानंतर इंग्रज सरकारने अशा कितीतरी गावांना शिलालेख दिले. ते चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत बसवलेले सापडतात. मजकूर ठरलेला: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही! मी असा एक दगड पाहिला. दर पाडव्याला त्यावर चुना फासून फासून अक्षरं बुजली होती. मी नखाने खरवडून आकडा वाचला तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "आमच्यातलं बी कोन तरी हाय त्यात म्हनं." कोण, ते त्यांना माहीत नव्हतं.

इराकमधल्या बसरा स्मारकाची हीच कथा. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके' एवढाच आकडा. आणि मराठा पलटणी गेल्या होत्या त्या तिथेच. इराकमधल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी घोडी कापून खायची वेळ आली, मग शरणागती, मग कैदेतली पायपीट. ११७ व्या पलटणीला पुढे 'रॉयल' किताब मिळाला. शिपायांची नावं मात्र दगडावर आली नाहीत.

म्हणून माझं एकच मागणं. तुमच्या खोलीत आकडा नको. तीनच नावं सापडली तर तीनच लावा.

मीनल_हँट्स

मी इंग्लंडमध्ये विंचेस्टरजवळ राहते. इथल्या विंचेस्टर कॉलेजचं (नावात कॉलेज असलं तरी शाळाच, १३८२ ची) 'वॉर क्लॉइस्टर' गाइडबरोबर फिरून पाहिलंय. वाड्याला कशी चौफेर ओसरी असते आणि मधे मोकळा चौक, तसं आहे ते. पहिल्या महायुद्धात गेलेल्या ५०० माजी विद्यार्थ्यांसाठी बांधलं, उद्घाटन ३१ मे १९२४ ला ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते. हा तोच ड्यूक, ज्याने १९२१ मध्ये दिल्लीच्या इंडिया गेटची कोनशिला बसवली. आणि वास्तुकार हर्बर्ट बेकर, म्हणजे दिल्लीचे नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक बांधणारा. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला हिंदी सैनिकांचं जे स्मारक आहे, ४,७०० हून जास्त नावांचं, तेही याचंच. इथे विंचेस्टरला एक कोपरा भारताच्या नावे आहे. तिथे उभी राहिले तेव्हा काय वाटलं ते धड सांगता येत नाही. अभिमान म्हणावा तर ते साम्राज्य त्यांचं, आणि परकं म्हणावं तर तेही जमेना.

पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. हे स्मारक कुठल्या कोपऱ्यात नाही. वसतिगृहांकडून वर्गाकडे जायची वाटच त्यातून जाते. मुलं रोज दप्तरं घेऊन, बडबड करत, उशीर झाला म्हणून पळत त्या नावांच्या समोरून जातात. कुणी मुद्दाम थांबत नाही, थांबायची अपेक्षाही नाही. तुमची खोली जिन्याखाली आहे आणि तिला कुलूप असणार. त्यापेक्षा जिन्याचीच भिंत का नाही घेत?

खडूफळा

मीनलताई, जिन्याच्या भिंतीला माझे दहा गुण!

मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं. खोली केली की काय होतं ते सांगतो. एका शाळेत (नाव नको) असंच दालन झालं. आमदार आले, फीत कापली, फोटो आले. पुढच्या वर्षी किल्ली शिपायाकडून क्लार्ककडे, क्लार्ककडून कपाटात. मग निवडणूक आली, शाळेत मतदान केंद्र, सामान ठेवायला खोली हवी. त्यानंतर पोषण आहाराच्या तांदळाची पोती. मी निवृत्त झालो तेव्हा एका जवानाच्या तसबिरीला पोतं टेकवलेलं होतं. मी ते ओढून बाजूला केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

तसबिरीवरून आठवलं. त्या उद्घाटनाला वीरपत्नी म्हणून एका बाईंना बोलावलं होतं. पाहुणे दीड तास उशिरा. बाई मांडवाच्या कडेला उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर. शाल-नारळ दिला तेव्हा निवेदकाने त्यांच्या नवऱ्याचं नाव चुकीचं वाचलं. त्यांनी माइकवर यायला नकार दिला. जाताना मला म्हणाल्या, "सर, पाटीवरचं तरी बरोबर आहे ना, एकदा बघता?" बघितलं. बरोबर होतं. नशीब.

म्हणजे कार्यक्रम करायचा असेल तर त्या घरच्या माणसांना आधी विचारा. यायचं आहे का, बोलायचं आहे का, की नुसतं बसायचं आहे. काहींना काहीच नको असतं, तेही ऐका.

नावं शोधायची कशी, ते रात्री लिहितो.

रोखठोक

सगळ्यांचा मान ठेवून विचारतो. १९४७ आधी जे गेले ते पगारासाठी गेले आणि राणीच्या-राजाच्या झेंड्याखाली लढले. त्यांची नावं स्वतंत्र भारतातल्या शाळेने का लावायची? मग आझाद हिंद सेनेचं काय? १९५५ ला गोव्याच्या सत्याग्रहात गोळ्या खाल्लेल्यांचं काय? ते तर बिनहत्यारी होते.

निवृत्त_सुभेदार

पगारासाठी मीही गेलो होतो. घरी चार एकर जिरायत आणि पाच भावंडं. लाज वाटत नाही.

चावडीवाचक

रोखठोक, प्रश्न चुकीचा नाही, पण तो इतिहासाच्या पेपरातला आहे. शाळेचा प्रश्न साधा आहे: हा मुलगा आमच्या बाकावर बसला होता का?

यशवंत घाडगे घ्या. माणगावजवळच्या पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक. माणगावात त्यांचा पुतळा आहे, लोक हार घालतात. हार घालताना कुणी विचारतं का, झेंडा कुणाचा होता?

आझाद हिंदवाले आणि सत्याग्रही तुमच्या शाळेचे असतील तर त्यांनाही घ्या. शाळेला काय अडचण आहे?

मीनल_हँट्स

याच्याही पुढचं एक उदाहरण. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजच्या चॅपलमध्ये पहिल्या महायुद्धाच्या मोठ्या यादीशिवाय एक छोटी वेगळी पाटी आहे. तिच्यावर तीन जर्मन विद्यार्थ्यांची नावं आहेत. इथे शिकले, मायदेशी परतले, जर्मनीकडून लढले आणि मेले. म्हणजे शत्रूकडून. तरी कॉलेजने लावली. लावताना वाद झाला नसेल असं नाही, पण पाटी अजून जागेवर आहे.

रोखठोक

हे माहीत नव्हतं. गोव्याच्या सत्याग्रहींचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. त्यांना 'सेवा' या शब्दात बसवू नका, वेगळी ओळ करा.

मुळामुठा

एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, उल्लेख कुणीच कसा केला नाही? मी खडकवासल्याजवळच वाढलो.

एनडीए हीच मुळात एक स्मारक आहे, हे फार लोकांना ठाऊक नसतं. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत हिंदी सैनिकांनी सुदान वाचवायला मदत केली, म्हणून सुदान सरकारने १९४१ मध्ये एक लाख पौंड दिले, त्यांचं युद्धस्मारक बांधा म्हणून. पुढे ठरलं की नुसता खांब उभारण्यापेक्षा प्रबोधिनी काढावी. फाळणीत त्या पैशांचीही वाटणी झाली, आपल्या वाट्याला ७० हजार पौंड आले. ६ ऑक्टोबर १९४९ ला नेहरूंनी पायाभरणी केली. तो घुमटाचा मुख्य भाग 'सुदान ब्लॉक' म्हणून ओळखला जातो तो यामुळे. प्रबोधिनीतून निघून पुढे कामी आलेल्यांसाठी 'हट ऑफ रिमेंब्रन्स' वेगळी आहे. ती छात्रांनी श्रमदानाने बांधली. सलारिया, अरुण खेत्रपाल, मनोज पांडे, तीनही परमवीर तिथले माजी छात्र.

म्हणून म्हणतो, ग्रॅनाइट कमी करा आणि त्या खोलीत अभ्यासिका काढा. भरतीची तयारी करणारी पोरं एसटी स्टँडवर बसून पुस्तकं वाचतात.

खडूफळा

अभ्यासिकेला हरकत नाही, पण नावं आधी. अभ्यासिका कुठल्याही पैशातून होते.

सातारीकंदी

मी सातारा सैनिक स्कूलचा. आमची शाळा २३ जून १९६१ ला सुरू झाली, देशातली पहिली सैनिक शाळा. आमच्याकडे सैन्यात जाणं हा अभ्यासक्रमच, त्यामुळे माजी विद्यार्थी कामी आला की शाळेला कळतंच. कर्नल संतोष महाडिक आमचे. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्याला गेले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढे स्वतः प्रशिक्षण घेऊन २०१७ मध्ये अधिकारी झाल्या. हे सगळं देशाला माहीत आहे.

पण साध्या हायस्कूलमधून शिपाई म्हणून भरती झालेला पोरगा गेला तर शाळेला कोण कळवतं? गाव कळवतं, तेही गावातल्या चौकापुरतं. मला तर कोरेगावकरांचं काम आमच्यापेक्षा जास्त अवघड वाटतं. शाळेचा आणि सैनिकाचा संबंध लोक धरत नाहीत. पुण्यात किती जणांना माहीत आहे की फिलोराच्या लढाईतले परमवीर कर्नल तारापोर कॅम्पातल्या सरदार दस्तूर शाळेत शिकले?

एक विनंती: हुद्द्याप्रमाणे उतरंड लावू नका. कर्नल वर आणि शिपाई खाली, असं शाळेत नको. शाळेत सगळे हजेरी क्रमांकाने होते.

कोरेगावकर

ही शेवटची ओळ बैठकीत जशीच्या तशी वाचून दाखवणार.

पाथरवट

आमचा धंदा दगडाचा, म्हणून तेवढंच बोलतो. काळा ग्रॅनाइट घ्या, पण आरशासारखं पॉलिश केलं तर वाचताना नावाऐवजी स्वतःचं तोंड दिसतं. अक्षराची जागा सोडून बाकी मॅट ठेवा. अक्षरं खोल कोरून घ्या. नुसता सोनेरी रंग भरलेली उथळ अक्षरं भिंत उघड्यावर असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत जातात. कोरायच्या आधी ट्रेसिंगवर पूर्ण मजकूर काढून मागा आणि तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. त्यातला एक त्या घरचा असू द्या. मशीनवर फॉन्ट बदलला की 'र' ची रफार भलतीकडे जाते, 'कर्नल'चं काहीतरी होऊन बसतं. आणि खाली जागा सोडा. एकच अखंड पाटी केलीत तर पुढचं नाव कुठे टाकणार? सुट्या पट्ट्या करा.

जोडाक्षर एकच धरतात हो. तुमचा माणूस लबाड आहे.

निवृत्त_सुभेदार

जागा सोडायचं बोललात ते बरं केलंत. बोलायला जड जातं ते.

खडूफळा

आता नावं शोधायची रीत. आठवणीतून अकरा निघाली म्हणजे तेवढीच आहेत असं समजू नका.

शाळेचं जनरल रजिस्टर काढा. आपण सगळे त्याला जी.आर. म्हणतो. एकेक विद्यार्थी एकेक आडवी ओळ: नाव, आईबापाचं नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल दिनांक, आणि अगदी उजवीकडे 'शाळा सोडल्याचे कारण'. जुन्या गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं असतं, वाचायला त्रास होत नाही. त्या शेवटच्या रकान्यात 'पुढील शिक्षणासाठी', 'वडिलांची बदली', 'नापास', 'लग्न' असलं काय काय असतं. तिथेच 'लष्करात भरती' सापडेल. ते झालं की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात यादी घेऊन जा. त्यांच्याकडे माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या नोंदी असतात.

चावडीवाचक

आणि दोन्ही महायुद्धांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट आहे. त्यात नाव टाकून शोधता येतं, पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. गोची स्पेलिंगची. व्हिक्टोरिया क्रॉसवाले नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. एवढा गाजलेला माणूस, पण त्यांचं आडनावही इंग्रजीत वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. तेव्हा पवार, जाधव, शिंदे यांची जेवढी सोंगं सुचतील तेवढी करून बघा. आडनावापेक्षा गावाच्या नावाने लवकर लागतं, अर्थात गावाचंही साहेबाने वाटोळं केलेलं असतं. १९४७ नंतरच्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाची वेबसाइट पाहा.

बारापाटी

वाचनखूण साठवली. आमच्या कोकणातल्या शाळेला हा धागा पाठवतोय. सगळ्यांना गेलेलेच दिसतात, पण परमवीर रामा राघोबा राणे जिवंत परतले, १९९४ पर्यंत जगले. गेलेल्यांचीच यादी केली तर असा माणूस तुमच्या शाळेचा असून भिंतीवर नसणार. बघा बुवा.

निवृत्त_सुभेदार

बारापाटी, पकडलंत. शौर्यपदक मिळालेले जिवंत असले तरी घ्या. माझं मत तेवढ्यापुरतं बदललं.

कोरेगावकर

अपडेट. परवा मुख्याध्यापिकाबाईंनी कपाट उघडून दिलं. जी.आर. आहेत! एकाची पाठ वाळवीने खाल्लीये, बाकी शाबूत. मी आणि आमचा वर्गमित्र चार तास बसलो. १९३८ पासून ४८ पर्यंत पाहिलं. 'मिलिटरीत भरती' अशा सात नोंदी मिळाल्या. सातातलं एकही नाव माझ्या अकरांत नव्हतं. एका नोंदीत जन्मतारखेप्रमाणे मुलगा पंधरा वर्षांचा.

बैठकही झाली. जिन्याची भिंत मंजूर. हुद्दा नाही, शाळेत दाखल झाल्याच्या सालाप्रमाणे नावं, हेही मंजूर. ४७ च्या आधीचे घ्यायचे. देणगीदारांची पाटी खोलीच्या आत, दाराच्या मागच्या बाजूला. (हे कसं मंजूर झालं ते फोनवर सांगेन.)

निवृत्त_सुभेदार

सातच? त्या काळात आपल्या भागातून? मला पटत नाही. आमचे चुलते शाळेतून दप्तरासकट पळून कोरेगाव स्टेशनवर गेले होते, भरतीच्या गाडीत बसायला. घरी चौथ्या दिवशी कळलं. ते शाळेला सांगून थोडेच गेले होते? आणि वयही वाढवूनच सांगितलं असणार, म्हणजे लष्कराच्या कागदातली जन्मतारीख तुमच्या रजिस्टरशी जुळायची नाही.

खडूफळा

साहेब, लाख बोललात. असा मुलगा रजिस्टरात 'लष्करात भरती' म्हणून सापडणारच नाही. महिना-दोन महिने वाट बघून गुरुजी लिहायचे: 'सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.'

कोरेगावकर

अरे देवा. तसल्या नोंदींनी पानंच्या पानं भरलीत.

म्हणजे ३९ ते ४५ मधले सगळे 'सतत गैरहजर' उतरवून घ्यायला हवेत आणि गावोगाव विचारायला हवं. तीन रजिस्टरं आहेत. रविवारी सकाळी नऊला शाळेत बसतोय. कोण कोण येतंय?

पाथरवट

मी येतो. ग्रॅनाइटवाल्याला तूर्त थांबायला सांगा.